उरलेली आमटी कुठल्या डब्यात मावेल? – बायकांची नजर, पुरुषांची नजर

शेवंती

पातेल्यात उरलेली आमटी कुठल्या डब्यात बसेल हे नुसतं बघून सांगता येणं ही साधी गोष्ट नाहीये. पातेलं रुंद आणि बसकं, डबा उंच आणि अरुंद, आमटी तळाशी दोन बोटं, आणि तरी डोळा सांगतो की तो मधला स्टीलचा घे, काठोकाठ बसेल. आणि बसते. आमच्याकडे हे काम कायम बायकांच्या हातात राहिलंय, पुरुष मंडळी एकतर वाटीभर भाजीला दोन किलोचा डबा घेतात नाहीतर छोट्या डब्यात ओतायला जातात आणि ओट्यावर सांडतं. बहुतेक घरी असंच असणार कारण यावरचे विनोद व्हॉट्सॅपवर सतत फिरत असतात.

मला विनोद नकोयत म्हणून धागा काढलाय. खरंच बायका आणि पुरुष यांच्या नजरेत मुळात काही फरक असतो का? मला नाही वाटत. तेच पुरुष गेटपाशी वाळूचा ट्रक उभा राहिला की सांगतात ना, दोन ब्रास म्हणतोयस पण पावणेदोनच्या वर नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेवढा ढीग नजरेनं मोजणं हे डब्यापेक्षा कितीतरी अवघड. मग फरक नजरेत आहे की कोणाच्या हातात काय दिलंय त्यात?

आणि मला टोचतं ते हे की ट्रक ओळखणाऱ्याला चार लोक विचारायला येतात, दलालाला तर त्याच नजरेचे पैसे मिळतात. रोज पाच माणसांचा स्वयंपाक ना उरेल ना कमी पडेल असा करणाऱ्या बाईचं ते कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते एखाद्या दिवशी भात कमी पडला की.

तुमच्या घरी, कामावर, शेतावर काय दिसतं ते लिहा. अनुभव पण चालतील आणि कोणी काही वाचलेलं असेल तर तेही.

सुलभा_के

शेवंती, छान विषय. स्वयंपाकातला अंदाज म्हणजे नुसता समोर दिसतंय त्याचा अंदाज नसतो, पुढे त्याचं काय होणार आहे त्याचा असतो, हे आधी लिहिते. पालकाच्या चार जुड्या कढईत मावत नाहीत आणि दहा मिनिटांनी बघावं तर तळाला बसलेल्या. म्हणून तर पालेभाजीत मीठ भाजी बसल्यावर घालायचं, आधीच्या ढिगाकडे बघून घातलं की खारट झालीच. उलट मटकी भिजून मोड आल्यावर दुपटीच्या वर होते, तांदळाचा भात जवळजवळ तिप्पट, रवा भाजताना मूठभर दिसतो आणि पाणी पडल्यावर कढई भरते. स्वयंपाक करणारं माणूस कोरडे तांदूळ बघतं तेव्हा त्याला ताटातला भात दिसत असतो.

आजीकडे मापं होती, पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. पायलीचे चार शेर, अधोली दोन शेरांची, मापटं म्हणजे अर्धा शेर, चिपटं पाव शेर, त्याखाली कोळवं आणि निळवं. बघा, प्रत्येक माप वरच्याच्या निम्मं. पायलीपासून चिपट्यापर्यंत भांडी ओळीनं मांडली की डोळ्याला अर्धं म्हणजे किती दिसतं याचा धडाच समोर. मेट्रिकचा कायदा १९५६ सालचा, पण आमच्या गावात धान्य त्यानंतर कितीतरी वर्षं पायलीनंच मोजायचे.

अभियंता_ठाणे

विषय आवडला, थोडी दुसरी बाजू मांडतो.

मुळात फरकच नाही असं म्हणणं मला घाईचं वाटतं. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर यांनी एक प्रयोग केला होता, ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवायच्या आणि विचारायचं की एक फिरवली तर दुसरीसारखी होते का. पुढे ही चाचणी हजारो लोकांवर झाली आणि तिच्यात पुरुषांची सरासरी जास्त येते, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. मुलांच्या विचारांवर काम केलेल्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाची एक प्रसिद्ध चाचणी आहे, तिरकी धरलेली बाटली काढून देतात आणि आत पाण्याची रेघ कशी असेल ते काढायला सांगतात. रेघ आडवीच राहायला पाहिजे पण बरीच मोठी माणसंसुद्धा ती बाटलीबरोबर तिरकी काढतात, आणि त्यातही सरासरी पुरुषांच्या बाजूनं आहे.

दुसऱ्या बाजूनं, कुठली वस्तू कुठे ठेवलेली होती हे लक्षात ठेवण्यात बायका थोड्या पुढे, असं १९९२ पासूनचे प्रयोग सांगतात. म्हणजे सरासरीत फरक आहेत. कशामुळे आहेत तो वेगळा वाद.

मृण्मयी_श

@अभियंता_ठाणे, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे पण त्यातलं काहीच 'किती आहे' याबद्दल नाहीये ना. आकृती मनात फिरवणं वेगळं आणि प्रमाण ओळखणं वेगळं. शिवाय ते फिरवण्याचं कौशल्य सरावानं वाढतं, मुलींचंही आणि मुलांचंही, हेही तितकंच ठाम दिसलेलं आहे.

किती आहे यावर थेट काम २०१८ मध्ये आलं होतं. सहा महिन्यांच्या बाळांपासून आठ वर्षांच्या मुलांपर्यंत, ५०० हून जास्त मुलंमुली, त्यात कुठे जास्त ठिपके आहेत हे न मोजता ओळखणं, मोजणं, सुरुवातीचं गणित असं सगळं बघितलं. मुलगा मुलगी फरक निघाला नाही. बाळांना अर्थातच विचारता येत नाही, ती कशाकडे किती वेळ बघतात यावरून ठरवतात. म्हणजे निदान सुरुवात तरी सगळ्यांची एकाच रेघेवरून होते. मग आठव्या वर्षानंतर आपण कोणाला ओट्याशी उभं करतो आणि कोणाला बापाबरोबर बाजारात पाठवतो, ते बघायला पाहिजे.

आणि डब्याबद्दल सांगायचं तर माणसाचा डोळा उंचीला फसतो. हेही पियाजेचंच. बसक्या पेल्यातलं पाणी मुलासमोरच उंच पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कुठे? सहासात वर्षांच्या आतली मुलं बहुतेक उंच पेला दाखवतात. आपण मोठे झालो की पाणी तेवढंच आहे हे कळतं पण डोळ्याचा ओढा उंचीकडेच राहतो. त्यामुळे बसक्या पातेल्यातली आमटी कमी वाटते आणि छोटा डबा उचलला जातो. शेवंतीनं लिहिलंय तसं ओट्यावर सांडतं ते यामुळेच असणार.

शेवंती

मृण्मयी, हे खूप उपयोगी लिहिलंस. म्हणजे जो माणूस रोज ओतत नाही त्याचा डोळा उंचीवर जातो, आणि रोज ओतणाऱ्याला कळलेलं असतं की रुंदी बघायची.

अभियंता_ठाणे

मान्य, प्रमाणाचा प्रश्न वेगळा आहे. रुंदीचं गणितही लिहून ठेवतो कारण तिथे सगळ्यांचीच फसगत होते. पातेल्याचा व्यास दुप्पट झाला आणि आमटीची उंची तीच असली तर आमटी चौपट. आणि उंची पण दुप्पट असली तर आठपट! डोळ्याला मात्र ते दुप्पट, फार तर तिप्पट वाटतं. लांबी आपण बऱ्यापैकी नीट ओळखतो, क्षेत्रफळ कमी धरतो, घनफळ त्याहून कमी. म्हणून वाळूचा मोठा ढीग आणि मोठं पातेलं दोन्हीकडे अंदाज कमीच निघतो.

दर्याकाठ

आमच्या कोळणींबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाय म्हणून लिहितेय.

मोठं पापलेट, सुरमई नगावर जाते, पण करंदी, जवला, मांदेली, बोंबील, ही सगली बारीक मासली वाट्यावर. पाटी समोर ओतली की आमची आई हातानं वाटे लावत जाते, तराजू नाय काय नाय, आणि पाटी संपते तेव्हा शेवटचा वाटा पहिल्या वाट्याएवढाच असतो. हे कसं जमतं विचारा. तिला पाटी बघतानाच कळतं की यातून किती वाटे पडणार, आणि लिलावात पाटी कितीला घेतली ते डोक्यात असतंच, मग वाटा कितीला लावायचा ते आपोआप आलं. वाट्याचा आकार हाताच्या पसरटपणावर नाय जात, ती मधे मधे एका वाट्यातली दोन मासली उचलून दुसऱ्यात टाकते तेव्हा बघावं, डोळा सारखा एका वाट्यावरून दुसऱ्यावर फिरत असतो.

आणि समोर उभी गिऱ्हाईक बाईपण कमी नसते, ती बोटानं दाखवते, हा नको तो दे, तो भरलेला हाय. दोघींची नजर एकमेकींना पारखत असते. वाटा लहान लावला तर गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जाणार, मोठा लावला तर घरी जाताना पैसे कमी. हिशोब रोजच्या रोज होतो. आमच्याकडे होडीवर जातात ते पुरुष, बाजार सगला बायकांचा. पुरुषाला वाटे लावायला बसवलं तर शेवटचे दोन वाटे उघडे पडतात, पण तोच पुरुष जालं ओढताना हाताला ताण लागला की सांगतो आज किती पाट्या येणार.

वरुडकर

दर्याकाठ ताई, लय छान लिहिलं. आमच्याकडे संत्र्याचं असंच आहे पण ते पूर्ण माणसाचं म्हणजे पुरुषाचं काम मानतात.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड हा आमचा संत्रापट्टा. आंबिया बहार आणि मृग बहार असे दोन बहार, आणि फळ झाडावर असतानाच व्यापारी बगीचा पाह्यला येते. उक्ता सौदा म्हणजे पूर्ण बगीचा एका रकमेत, झाडावर किती फळ आहे ते मोजत नाही कोणी, बांधावरून फिरते, दोनचार झाडाखाली उभं राहून वर पाहते, आणि आकडा सांगते. जास्त धरलं तर त्याचं नुकसान, कमी धरलं तर शेतकऱ्याचं. माह्या वडिलांची नजर अशी होती की व्यापाऱ्यानं आकडा सांगायच्या आधी त्यांच्या मनात आकडा तयार राहे. झाडाच्या बाहेरून दिसते ते फळ आणि आत पानाआड लपलेलं, त्याचा हिशेब ते झाडाच्या वयावरून अन घेरावरून लावत.

पण आता खरी गोष्ट सांगतो. फळ तोडल्यावर खाली ढीग पडते तिथं मोठं, मधलं, बारीक असे भाग करायला बहुतेक बायाच असतात. हातात फळ आलं की कोणत्या ढिगात टाकायचं हे पापणी लवायच्या आत. दिवसभर. अन त्याच बायका कापूस वेचतात, वेचणीचा पैसा किलोवर, म्हणून गाठोडं बांधतानाच त्या सांगतात आज किती भरलं, काट्यावर गेलं की तेवढंच निघते. बगीच्याचा आकडा मात्र त्यायले कोणी विचारत नाही. माह्या मते विचाराले पाह्यजे.

तुषार_पु

सगळं वाचतोय. मला वाटतं आपण निसर्गाला उगाच बाजूला सारतोय. हजारो वर्षं पुरुष शिकारीला गेला, त्याला अंतर आणि वेग ओळखावा लागला, बाई फळं कंदमुळं गोळा करायची, तिला प्रमाण ओळखावं लागलं. ते रक्तात उतरलंच असणार. रोजच्या जगण्यातही हेच दिसतं ना, गाडी पार्क करायला पुरुष, डबे भरायला बाई.

मृण्मयी_श

@तुषार_पु, रक्तात उतरलं असतं तर लहान मुलांमधे दिसलं असतं, आणि ते दिसलं नाही हे वर लिहिलंय. शिवाय तुमच्या हिशोबानं संत्र्याची बाग बाईला कळायला हवी, ते तर फळं गोळा करण्याचंच काम. आणि लग्नाच्या पंगतीचा अंदाज? तिथे आचारी बहुतेक पुरुषच असतात की.

पंगतवाला

माझा विषय निघाला म्हणून लिहितो. मामांचा केटरिंगचा व्यवसाय, मीही आता त्यातच आहे.

घरी दहा माणसांचा अंदाज आणि हॉलवर पाचशेचा अंदाज यात नजर एकच असते पण चूक वेगळी पडते. १९ व्या शतकात वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलंय की आपल्याला फरक प्रमाणात कळतो. हातात थोडं वजन असेल तर थोडीशी भर लगेच कळते, जास्त वजन असेल तर तेवढीच भर कळतच नाही. पंगतीला तेच लावा. समजा अंदाज दहा टक्के चुकला. घरी दहा माणसांत एक माणूस, तो भागवून घेता येतो, सगळे एक एक घास कमी खातात. पाचशेत दहा टक्के म्हणजे ५० माणसं उपाशी, आणि ते मुलीकडचे आहेत की मुलाकडचे यावर पुढचं सगळं!

म्हणून आचारी नुसत्या नजरेवर जात नाही, तो अंदाजाचे तुकडे करतो. भात एकदम लावायचा नाही, दोनतीन हंड्यांत टप्प्याटप्प्यानं, पहिली पंगत उठली की पानं बघायची, काय उरलंय, कोण काय परत मागतंय, मग पुढचा हंडा ठरवायचा. पोळ्या, भात, मसालेभात असं सगळं असेल तर माणशी कोरडे तांदूळ ७०-८० ग्रॅम, नुसतं वरणभात असेल तर जास्त. दुपारचं लग्न आणि रात्रीचं रिसेप्शन यात फरक, शहर आणि खेडं यात फरक, उन्हाळ्यात मठ्ठा दुप्पट. मामा हॉलमधे एक फेरी मारून खुर्च्यांकडे बघून येतात आणि सांगतात किती पानं उठतील. हे घरच्या बाईला जमणार नाही असं मी अजिबात म्हणत नाही, आमच्याकडे पोळ्यांचं सगळं काम बचत गटातल्या ताईंचं आहे आणि पिठाच्या परातीवरून पोळ्यांचा आकडा त्या मामांपेक्षा नेमका सांगतात.

नर्स_कोल्हापूर

मी बराच वेळ विचार करत होते लिहावं की नको, पण हा विषय माझ्या कामात जीवावरचा आहे म्हणून लिहितेच.

बाळंतपणानंतर बाईला रक्तस्राव होतो. नॉर्मल डिलिव्हरीत ५०० मिलिलिटर किंवा जास्त गेला तर तो धोक्याचा मानतात आणि ताबडतोब उपचार सुरू करायचे असतात. आता ५०० मिलिलिटर झालं हे ओळखायचं कसं, तर वर्षानुवर्षं नजरेनंच. रक्त चादरीवर, कापसावर, जमिनीवर पसरलेलं, त्यात पाणीही मिसळलेलं. आणि नजर इथे फसते. थोडं रक्त असलं की जास्त वाटतं, खूप असलं की कमी वाटतं, म्हणजे जिथे जीव जाऊ शकतो नेमकं तिथेच कमी धरलं जातं.

बेळगावात यावर फार मोलाचं काम झालंय आणि आपल्या लोकांना ते माहीत नसतं. बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकचं एक आवरण घालायचं, त्याला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा, सगळं रक्त तिथे जमा होतं आणि वाचता येतं. २००६ मध्ये त्या पिशवीचं माप आणि नजरेचं माप शेजारी ठेवून बघितलं तर नजरेचा आकडा साधारण एक तृतीयांशानं कमी निघाला. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत मोठी चाचणी झाली, दोन लाखांहून जास्त बायका, त्यात अशी खुणांची पिशवी आणि निदान झाल्याबरोबर सगळे उपचार एकत्र द्यायचे असं केलं, तर गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं.

आता शेवंतीच्या प्रश्नाकडे येते. इथे चुकणारे कोण? डॉक्टर पण, नर्स पण, पुरुष पण आणि बायका पण. आणि मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते याने की अनुभवानं सुद्धा हा अंदाज सुधारत नाही, वीस वर्षं काम केलेली सिस्टर आणि नवीन आलेली मुलगी सारख्याच चुकतात. तुम्ही सगळे म्हणताय सवय, सवय. मग आमची सवय का कामी आली नाही?

दर्याकाठ

ताई, वाचून अंगावर काटा आला. तुमच्याकडं हिशोब होत नाय म्हणून असेल का? आमच्या आईचा वाटा चुकला तर संध्याकाळच्या आत कळतं.

वरुडकर

हेच लिहायले आलो होतो. कापूस वेचणाऱ्या बाईचं गाठोडं काट्यावर जाते. बगीचा घेतला की तोडणीच्या दिवशी व्यापाऱ्याले समजते आपण किती चुकलो. पुढच्या साली तो वेगळ्या नजरेनं पाहते. चादरीवरचं रक्त कोणी नंतर मोजून सांगतच नसेल तर वीस वर्षांत शिकणार काय?

नर्स_कोल्हापूर

अगदी तेच आहे. कोणी कधी सांगतच नाही की तू ३०० म्हणालीस आणि ते ६०० होतं. ट्रेनिंगमधे आता काही ठिकाणी मोजलेलं नकली रक्त चादरीवर ओतून दाखवतात, १००, ३००, ५००, आधी अंदाज लिहायचा, मग खरा आकडा. त्यानं नजर सुधारते. पण खुणांची पिशवी मिळत असेल तर तीच वापरावी असं माझं ठाम मत, तिथे नजरेचा मान ठेवायची जागा नाही.

शेवंती

या चार प्रतिसादांनी माझा प्रश्नच बदलला. मी सवय म्हणत होते, पण नुसती सवय नाही, केलेल्या अंदाजाचं उत्तर लगेच मिळणं हे महत्त्वाचं आहे. डबा तर क्षणात उत्तर देतो, झाकण लागतं किंवा लागत नाही. भात रात्री उरतो किंवा कमी पडतो. बाईला घरात दिवसातून पन्नास वेळा असं उत्तर मिळतं, आणि ज्या पुरुषानं कधी उरलेलं काढून ठेवलं नाही त्याला एकदाही मिळत नाही. मग त्याची नजर तयार व्हावी कुठून? त्याला कोणी हसू नये आणि त्याला त्यातून सुट्टीही देऊ नये. लहान मुलांना, मुलगा असो की मुलगी, ओतू द्यावं, सांडू द्यावं, पुसायला लावावं.

अभियंता_ठाणे

यात एक भर घालतो, मला फार आवडणारं उदाहरण आहे. १९०६ साली इंग्लंडमधे प्लिमथच्या जत्रेत एका बैलाचं कापून साफ केल्यावर किती वजन भरेल याची पैज होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं नंतर त्या चिठ्ठ्या मागून घेतल्या, वाचण्याजोग्या ७८७ होत्या. सगळे आकडे ओळीनं लावून बरोबर मधला बघितला तर १२०७ पौंड, आणि खरं वजन ११९८. एक टक्क्याच्या आत! चिठ्ठी टाकणाऱ्यांत खाटीक होते, शेतकरी होते आणि ज्यांना काही कळत नव्हतं असेही होते. एकाची नजर चुकते पण खूप जणांच्या चुका दोन्ही बाजूंना पडतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात.

वरुडकर, तुमच्या बागेचा आकडा वडील, आई आणि तोडणीच्या बायका असे सगळ्यांनी आपापला चिठ्ठीवर लिहिला, एकमेकांना न सांगता, आणि मधला घेतला तर व्यापाऱ्यासमोर बसताना फार कामाला येईल. न सांगता लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर सगळे मोठ्या माणसाच्या आकड्याकडे झुकतात.

वरुडकर

हे करून पाहण्यासारखं आहे. आंबियाच्या सौद्याच्या वेळी करतो अन इथं येऊन सांगतो.

सुलभा_के

सरकारी कामातही आधी नजरच असते बरं. खरिपाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाला रुपया धरून यंदा किती पैसे पीक आलं तो आकडा, जाहीर होते ना, ती आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळी सवलतींचा विषय निघतो. नजरेवरून सुरुवात करायची आणि मग पीक कापून, तोलून ती नीट करत न्यायची.

टोरांटोकर

छान धागा. इथे सगळं कपात, टीस्पूनमधे मोजतात, आणि आईनं फोनवर सांगितलेलं 'मूठभर', 'चिमूटभर' जमायला वेळ लागतो. पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो, आईची मूठ आणि माझी मूठ एक नाही! माझा हात मोठा, त्यामुळे तिच्या दोन मुठी म्हणजे माझी दीड. बाई पुरुष फरक खरा कुठे असेल तर तो इथे आहे, मापच वेगळं.

भाताला बोटाच्या पेरानं पाणी मोजायचं, तेही विचार करण्यासारखं आहे. तांदळाच्या वर एक पेर पाणी, पातेलं नेहमीचं असेल तर चालतं, पण खूप रुंद पातेल्यात तेच पेरभर पाणी म्हणजे तांदळाच्या मानानं फार जास्त आणि भात गिच्च होतो. पेर उंची मोजतं, पाण्याचं प्रमाण नाही. वर रुंदीचं लिहिलंय तेच पुन्हा.

स्वरगंगा

मी स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतेय. मला दिसत नाही, त्यामुळे 'नजरेचा अंदाज' हा शब्द माझ्याकडे लागू नाही पण अंदाज तर मीही दिवसभर करतेच. माठ किंवा बाटली भरताना आवाज बारीक होत जातो, वरची हवेची जागा कमी होते तसा सूर चढतो, तोटी कधी बंद करायची ते त्यावरून कळतं. डबा किती भरलाय ते हलवून आणि वजनावरून. माझा भाऊ, त्याला दिसतं, तो बाटली भरताना मोबाईल बघत असतो आणि आवाजावरून बरोबर बंद करतो, कोणी शिकवलेलं नाही. तेव्हा सगळं डोळ्यावर ढकलू नका, कान आणि हातही मोजत असतात.

दर्याकाठ

किती सुंदर लिहिलंत स्वरगंगा ताई. आईपण सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, पिशवी हातावर उचलून बघते, नुसतं बघून नाय घेत.

तुषार_पु

वाचून मत थोडं बदललं हे सांगतो. मूळ फरकाबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही, पण उत्तर मिळण्याचा मुद्दा पटला. पार्किंगचंही तेच असणार, ज्याच्या हातात जास्त वेळ गाडी त्याला रोज कळतं किती जागा लागते.

एक विचारायचं होतं. रविवारी सोसायटीच्या साफसफाईनंतर नाश्त्याची जबाबदारी आम्हा पुरुषांवर आहे, ४० माणसं, कांदेपोहे. मी आणि अजून दोघं. किती पोहे घ्यायचे?

पंगतवाला

किलोला १२ ते १५ माणसं धरतात. काम करून आलेली असतील तर १२-१३ धरा, म्हणजे तीन किलो जाड पोहे, आणि अर्धा किलो जवळ ठेवा. कांदे दोन किलोच्या आसपास, दाणे अर्धा किलो, बटाटा घालणार असाल तर पोहे थोडे कमी लागतात. एका कढईत सगळं करू नका, खालचा थर गोळा होतो, किलो किलोचे घाणे काढा.

सुलभा_के

आणि सगळे एकदम भिजवू नका तुषार. एका घाण्यापुरतेच धुवून चाळणीत ठेवायचे, तो वाढला जाईपर्यंत दुसरे भिजवायचे. तिसऱ्या किलोच्या वेळी किती जण राहिलेत ते बघून मग ठरवा, कोरडे उरलेले पोहे डब्यात परत जातात, भिजवलेले जात नाहीत. लिंबं दहाबारा, एकाच्या चार फोडी, खोबरं आणि कोथिंबीर वरून. मीठ भिजवलेल्या पोह्यांनाच हलक्या हातानं लावून घ्या, कढईत टाकलं की एका जागी बसतं.

तुषार_पु

धन्यवाद दोघांनाही. साखर घालायची का?

सुलभा_के

किलोला दोन चमचे. पुण्यात असाल तर तीन.